धुतलेले रंग

युडिता कुचेरा रागावली की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. स्टुडिओत हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या सोमवारी सकाळी नवा ट्रेलर बघून ती खुर्चीतून उठली आणि जवळजवळ कुजबुजत म्हणाली, "गेरार्ड कुठाय?" तेव्हा आजूबाजूच्या सगळ्यांनी एकदम कानांवर हेडफोन चढवले.

ट्रेलर 'भोंगा'चा होता. कातोवित्से या खाणींच्या शहरातल्या त्या स्टुडिओत गेली काही वर्षं सगळे याच एका गेमवर राबत होते आणि युडिता त्याची कलादिग्दर्शिका होती. कुठल्या प्रसंगात आभाळ कुठल्या रंगाचं, कुठे ऊन, कुठे सावली, कुणाच्या अंगात कुठला सदरा, हे सगळं ती ठरवायची. गोष्ट साधी होती. पन्नासेक वर्षांपूर्वीची कोळसा-खाणीची वसाहत. अवेळी भोंगा वाजतो, खाणीत काहीतरी झालंय हे सगळ्यांना कळतं, आणि लिडका नावाची मुलगी बापाला शोधायला निघते. आधी घरोघर, मग खाली जमिनीच्या पोटात.

युडिताने या खेळात कुठेही बाण काढला नव्हता. रस्ता रंगच दाखवायचे. ती स्वतः अशाच एका, क्लोटिल्डा नावाच्या वसाहतीत वाढलेली. तिथल्या विटा धुराने काळवंडलेल्या, पण खिडक्यांच्या चौकटी लाल, दरवर्षी नव्याने रंगवलेल्या. खेळात जिथे चौकट ताजी लाल, तिथे दार ठोठावावं, कोणीतरी मदत करणार. चौकट विटलेली असेल तर त्या घराचं आणि लिडकाच्या बापाचं काहीतरी बिनसलेलं. दोरीवरच्या चादरींवरून वारा कळायचा. आणि मग लिडका खाली उतरायला लागली की एकेक रंग मागे राहायचा. आधी हिरवा जायचा, मग निळा, मग लाल, आणि शेवटी हातातल्या दिव्याचा पिवळा तेवढा उरायचा. ती वर आली की सगळे रंग एकदम डोळ्यांवर यायचे. पहिल्यांदा हा भाग खेळून बघितला तेव्हा आवाजाचं काम बघणारा माणूस उठून बाहेर गेला होता आणि बराच वेळ आत आला नव्हता. पहिल्या प्रसंगापासून शेवटच्या प्रसंगापर्यंत कुठे कुठला रंग, याची छोट्या छोट्या चित्रांची एक पट्टी युडिताने स्टुडिओच्या बोळात भिंतीवर लावली होती. येता-जाता सगळ्यांचे खांदे घासून तिचे कोपरे दुमडले होते.

ट्रेलरमध्ये यातलं काही नव्हतं. आभाळ राखाडी, विटा राखाडी, चौकटी राखाडी, लिडकाचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा. फक्त शिड्यांच्या पायऱ्या आणि भिंतींचे काठ यांवर कोणीतरी बादलीभर पिवळाधमक रंग ओतलेला.

गेरार्ड पिका स्टुडिओचा मालक. तोही क्लोटिल्डाचाच, युडिताच्या शाळेतला, दोन जिने पलीकडचा. ती आत शिरली तेव्हा तो कॉफी ढवळत होता.

"हे कोणी केलं?"

"बस आधी."

"हे कोणी केलं, गेरार्ड?"

"प्रकाशकांना हवं होतं. मीच शनिवारी येऊन लावलं. अगं, एक फिल्टर आहे नुसता. सगळ्यावरून एक थर. खाली तुझं काम जसंच्या तसं आहे, कोणी हातही लावलेला नाही त्याला."

"हो. मेलेल्या माणसाचेही हातपाय चादरीखाली जागच्या जागीच असतात."

गेरार्डने चमचा खाली ठेवला. "ट्रेलरला लोकांनी किती पसंत केलंय ते बघ तरी."

"ट्रेलरपुरतंच आहे ना हे?"

त्याने चमचा पुन्हा उचलला आणि कॉफी ढवळायला लागला.

"आणि तो पिवळा?"

"राखाडीत लोक हरवतात ना. कुठे चढायचं ते दिसत नाही, म्हणून मग—"

"म्हणजे आधी माणसाचे डोळे फोडायचे, मग हातात काठी द्यायची, आणि वर म्हणायचं, बघा, किती काळजी घेतो आम्ही तुमची!"

"युडिता, दुपारी कॉलिन बोलणार आहे. त्याच्याशी बोल. पण जरा गोडीने."

कॉलिन प्रकाशक कंपनीचा माणूस, समुद्रापलीकडच्या एका शहरात बसणारा. पडद्यावर तो नेहमी हसतमुख असायचा. मागे पुस्तकांचं कपाट आणि एक टवटवीत झाड.

"युडिता, तुमचं काम सुंदर आहे. त्याबद्दल वादच नाही," तो म्हणाला. "पण पूर्व युरोप म्हटलं की आमच्या खेळाडूंच्या डोळ्यांसमोर एक चित्र येतं. त्याला धक्का बसला की त्यांचा विश्वास उडतो. आम्हाला खरेपणा हवा आहे."

"खरेपणा."

"हो. तुमचे रंग थोडे परीकथेसारखे वाटतात. त्या लाल खिडक्या वगैरे."

"त्या लाल खिडकीच्या आत मी लहानाची मोठी झालेय."

"तुमच्या अनुभवाचा आम्हाला आदरच आहे. पण आम्ही लोकांना दोन्ही चित्रं दाखवली आणि विचारलं, यातलं खरं कुठलं वाटतं? बहुतेकांनी राखाडीवर बोट ठेवलं."

"ते लोक इथे आलेत कधी?"

"मुद्दा तो नाही."

"कॉलिन, मी तुमचं गाव पाहिलेलं नाही. उद्या मी ते अख्खं निळं रंगवलं, माझ्या शेजाऱ्यांना विचारलं की हे खरं वाटतं का, आणि ते हो म्हणाले, तर तुम्ही आरशात निळे दिसाल का?"

कॉलिन मनापासून हसला. "छान मुद्दा आहे हा," तो म्हणाला, आणि त्याने काहीही बदललं नाही.

युडिताने पुन्हा समजावलं. खाली उतरताना रंग जातात, तोच तर खेळाचा प्राण आहे. पण जायला आधी ते असावे लागतात! वरच सगळं राखाडी असेल, तर मुलगी खाली उतरली काय आणि वर राहिली काय, फरक काय पडला? कॉलिन मान डोलावत राहिला. आणि या सगळ्या वेळात गेरार्ड मूग गिळून बसला होता. पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. त्या खिडक्या त्यानेही पाहिल्या होत्या. एक शब्द बोलला असता तर पुरलं असतं. तो बोलला नाही, आणि युडिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती कॉलिनमुळे कमी आणि या टोपणामुळे जास्त.

रविवारी ती आईकडे जेवायला गेली. त्रुडा अजून क्लोटिल्डातच राहायची, दुसऱ्या मजल्यावर. मांसाच्या गुंडाळ्या, मध्ये खळी पाडलेले बटाट्याचे गोळे, आणि जांभळा कोबी, ज्याला तिकडे सगळे निळा कोबीच म्हणतात. लेकीचं ताटात लक्ष नाही हे आईने पहिल्या घासाला ओळखलं.

"काय झालंय? कोणी काही बोललं का?"

युडिताने फोनवर ट्रेलर लावून दिला. त्रुडाने चष्मा पुसला, फोन हातभर लांब धरला आणि बघायला लागली.

"कोण गेलंय?"

"कोणी नाही अजून. ही सुरुवात आहे."

"मग हे असं का दिसतंय?" तिने फोन जवळ घेतला. "हे आपलं अंगण आहे ना? हा पंप तर आपला आहे. आणि खिडक्या? या खिडक्या पुसल्या नाहीत का कोणी?"

"आई, तो एक फिल्टर—"

"ते फिल्टर-बिल्टर मला नको सांगूस. या घरांतल्या बायका काय दिवसभर लोळत होत्या? आणि ही चादर बघ, ही! अशी चादर मी दोरीवर टाकली असती ना, तर समोरच्या हिल्डाने तोंडात रुमाल नाही, अख्खा टेबलक्लॉथ कोंबला असता हसू दाबायला. अगं, वारा खाणीकडून फिरला की वाळत आलेलं सगळं काढून पुन्हा टबात घालायचो आम्ही. हात सोलून निघायचे. तुझ्या बापाची मान घासून घासून गोरी करायचे मी रविवारच्या प्रार्थनेला. राखाडी होतं, कोण नाही म्हणतंय! पण ते आम्ही ठेवून घेतलं नाही घरात. रोज बाहेर काढलं." तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. "हे जगभर दाखवणार?"

"हो."

"म्हणजे जगभर सांगणार, की क्लोटिल्डाच्या बायका घाणेरड्या होत्या."

युडिताने काटा खाली ठेवला. आतापर्यंत ती कलाकार म्हणून चिडली होती. आपण ठरवलेलं कोणी परस्पर बदललं, याचा तो राग होता. हा दुसरा राग त्याच्यापेक्षा जुना निघाला. त्या एका थराखाली तिची चित्रं तर होतीच, पण आईचे हातही होते.

दुसऱ्या दिवशी तिने गेरार्डला सांगितलं, "माझं नाव काढ यातून."

"नाही काढता येत."

"का?"

त्याने संगणक तिच्याकडे वळवला. प्रकाशकांची नवी जाहिरात होती. राखाडी वसाहत, राखाडी मुलगी, आणि खाली अक्षरं: कोळशाच्या धुळीत जन्मलेल्या कलाकाराच्या नजरेतून. त्याखाली तिचं नाव, तिचा फोटो. फोटोतला तिचा हिरवा स्वेटरसुद्धा राखाडी केलेला.

"मला साक्षीदार केलंय यांनी," युडिता म्हणाली. "माझ्या घराला काळं फासायचं आणि खाली माझीच सही घ्यायची. तू हे पाहिलं होतंस?"

"पाहिलं होतं."

"आणि काय वाटलं तुला?"

"वाटलं, की लोकांना आपली काळोखी आवडते. ती आवडते म्हणून आपण सगळे इथे टिकून आहोत. तू एकटी नाहीस इथे, युडिता. एवढी माणसं आहेत, त्यांची घरं आहेत."

तिने त्याच वेळी काम सोडलं असतं, तर या गोष्टीत पुढे सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण तिने सोडलं नाही. जमिनीखालचे प्रसंग अर्धे व्हायचे होते आणि ती गेली तर ते गेरार्डच्या आणखी एका शनिवारात उरकले जाणार, हे तिला दिसत होतं. म्हणून ती रोज यायची, फिल्टर बंद करून आपल्या रंगांत काम करायची आणि संध्याकाळी निघताना गेरार्डच्या खोलीकडे न बघता जायची. कॉफीच्या यंत्रापाशी दोघं समोरासमोर आले तर तो कप न भरताच परतायचा. बोळातली पट्टी काढायला कोणीतरी आलं होतं, नव्या पोस्टरला जागा हवी म्हणून. ती पट्टीसमोर जाऊन नुसती उभी राहिली. माणूस शिडी घेऊन परत गेला.

'भोंगा' बाजारात आला आणि चालला. चांगलाच चालला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. धूसर, निर्दय, अस्सल, असे शब्द सगळीकडे. एकाने लिहिलं, "रंगाला नकार देण्याचं असं धैर्य क्वचित दिसतं." युडिताने ते ट्राममध्ये वाचलं आणि अशी काही हसली की शेजारच्या बाईने आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली. कुठे कुठे एखादा खेळाडू कुरकुरत होता की खाली खाणीत गेल्यावर काही हरवल्याचं जाणवतच नाही, वर-खाली सारखंच वाटतं. पण त्याला बाकीचे सांगत होते, तुला गंभीर कलाकृती कळत नाही.

आणि मग कळलं की बक्षीस मिळालंय. शहरातल्या त्या बशीसारख्या मोठ्या सभागृहात दरवर्षी खेळांची जत्रा भरते, तिथे ते द्यायचं होतं. सर्वोत्तम रंगयोजना. बक्षीस युडिता कुचेरा हिला.

गेरार्ड बातमी घेऊन स्वतः तिच्या टेबलापाशी आला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. "अभिनंदन," तो म्हणाला. "आता तरी सोड तो राग. शेवटी नाव तुझंच झालं ना?"

"कुठल्या रंगांना मिळालंय, गेरार्ड?"

"अगं, घे ना गप! फुकटचं भांडण उकरू नकोस. छानसा काळा ड्रेस घालून ये."

"काळा कशाला? राखाडीच घालते."

ती आली ती लेमन रंगाच्या कोटात, आणि आईला सोबत घेऊन. त्रुडाने केस सेट करून घेतले होते. लेकीला बक्षीस मिळणार एवढंच तिला माहीत होतं. कशाबद्दल, हे युडिताने सांगितलं नव्हतं.

दुपारची वेळ. व्यासपीठामागच्या भल्यामोठ्या पडद्यावर खेळातले प्रसंग चालले होते. परीक्षकांच्या वतीने बोलणारे गृहस्थ राखाडीच्या किती छटा असतात आणि त्यांतून एका प्रदेशाचं दुःख कसं बोलतं, याबद्दल भारावून बोलले. मग तिचं नाव पुकारलं गेलं. तिने जड काचेचं सन्मानचिन्ह हातात घेतलं, माईकपाशी गेली, आणि पहिल्या दोन वाक्यांना मागच्या रांगांतून आवाज आला, "मोठ्याने!"

"मोठ्याने नाही येणार," ती म्हणाली. "तुम्हीच जरा शांत बसा."

सभागृह शांत झालं.

"हे बक्षीस मी घेणार नाही. तुम्ही ज्याला रंगयोजना म्हणताय ती माझी नाही. माझे रंग या चित्राच्या खाली आहेत. त्यांच्यावर एका शनिवारी एक थर टाकला गेला, कारण कोणाला तरी वाटलं, की आमच्यासारखी माणसं रंगात राहत असतील हे जगाला पटणार नाही. तुम्ही याला धैर्य म्हणालात. हे धैर्य म्हणजे त्या थराचा एक आकडा आहे, तो कमीजास्त करता येतो. आमच्या वसाहतीत काजळी होती. ती आमच्या फुप्फुसांत होती, दोरीवर होती, भाकरीवर होती. पण आमच्या आयांनी ती रोज धुतली, आणि चौकटी लाल रंगवल्या, आणि जिरेनियमच्या कुंड्या मांडल्या, कारण त्यांना माणसासारखं राहायचं होतं. तुम्ही काजळीला बक्षीस देताय. धुणाऱ्या बायकांना पुसून टाकलंय, आणि त्याला अस्सल म्हणताय. परक्यांनी म्हटलं तर एक वेळ समजू शकते. पण या सभागृहातले निम्मे लोक याच मातीतले आहेत. तुमच्या घरच्या खिडक्या कुठल्या रंगाच्या होत्या, एवढं तरी आठवायचं होतं!"

तिने ते चिन्ह टेबलावर ठेवलं आणि पायऱ्या उतरली. टाळ्या वाजल्या का, किती वाजल्या, हे तिला नंतर कधीच नीट आठवलं नाही. त्रुडा खुर्चीतून उठून उभी होती आणि हातातली पर्स घट्ट धरून लेकीकडे बघत होती.

"आता कुठे?" त्रुडाने विचारलं.

"खाली. चल."

खाली जत्रेत स्टुडिओचा ठेला होता. दोन संगणक शेजारी शेजारी, दोन्हींवर 'भोंगा', समोर खेळायला थांबलेल्यांची रांग. युडिता सरळ डावीकडच्या संगणकाशी गेली, खेळणाऱ्याला म्हणाली, "एक मिनिट हं," आणि त्या थराचा आकडा शून्यावर आणला.

रांगेतल्या माणसांनी माना पुढे काढल्या. मग कोणीतरी म्हणालं, "अरे, हिचे केस तांबडे आहेत!"

"थांब, थांब, जरा आभाळाकडे बघ."

"नवीन अपडेट आलं का हे?"

"जुनं आहे," युडिता म्हणाली. "सगळ्यात जुनं हेच आहे."

रांग उजवीकडून सरकून डावीकडे आली. लोक फोन वर धरून दोन्ही पडदे एका चौकटीत घ्यायला लागले. एक-दोघांनी खेळून झाल्यावर त्रुडाला जागा करून दिली. ती खुर्चीच्या टोकावर बसली. खेळायचं तिला कुठे माहीत! तिची लिडका सारखी भिंतीवर जाऊन आपटत होती.

गेरार्ड आला तो धावतच. ते काचेचं चिन्ह त्याच्या काखेत होतं.

"बंद कर हे."

"तूच कर. वायर तुझ्या पायाशी आहे."

तो वाकलाही. तेवढ्यात त्रुडाने मान वळवली. "गेरार्ड! बरा आलास. मला या जिन्याकडे न्यायचंय हिला, ही जातच नाही बघ. हा तुमचाच जिना ना? नवव्या नंबरचा?"

गेरार्डने वायर सोडली. "हो, काकू."

"पडदे मात्र चुकलेत. तुझ्या आईचे लेसचे होते. दर शनिवारी जिना घासायची ती, वरपासून खालपर्यंत. मी सांगायचे, अगं, निम्मा तरी शेजारणीला ठेव. ऐकायची नाही." तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "आणि तू तिला त्या तसल्या रंगात दाखवलंस रे?"

युडिताला वाटलं, आता हा पुन्हा बाजाराचं सांगेल. पण गेरार्डने उजवीकडच्या, राखाडी पडद्याकडे बोट केलं.

"मला हे आठवतं, काकू," तो म्हणाला. "तो लाल नाही आठवत. मी खूप प्रयत्न केला. मला तिचा खोकला आठवतो. शेवटच्या हिवाळ्यात ती खिडकीशी बसायची, आणि तिचा चेहरा असा होता. हा असा. त्या खिडकीची चौकट कुठल्या रंगाची होती ते तिच्या चेहऱ्यापुढे मला दिसलंच नाही कधी."

युडिताने संगणकावरचा हात काढून घेतला. गेरार्डच्या आईच्या अंत्ययात्रेत ती शाळेच्या गणवेशात चालली होती. रांगेतली माणसं आता पडद्याकडे न बघता या तिघांकडे बघत होती.

"तुझी आई आजारी होती, बाळा," त्रुडा म्हणाली. "घाणेरडी नव्हती. दोन्ही वेगळं असतं."

"माहीत आहे, काकू."

मग युडिता बोलली. "हे त्या सोमवारी का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार होतो?"

"हेच. की तुला राखाडी दिसतं. मी भांडले असते तुझ्याशी, पण ऐकलं असतं. कदाचित तिचं घर आपण तसंच केलं असतं, एकच घर, आणि ते बघून लोकांच्या काळजाचं पाणी झालं असतं. पण तू मला बाजार सांगितलास. कॉलिनचे ते लोक सांगितलेस. इतरांची घरं सांगितलीस. तुझ्या आईचा रंग आधी त्या परक्याच्या नावावर खपवलास आणि मग माझ्या नावावर. तुझं दुःख आहे ना? मग तुझ्या नावाने दाखव. मला कशाला त्यात उभं केलंस?"

गेरार्डने वायर काढली नाही. चिन्ह काखेत धरून तो गर्दीतून निघून गेला, आणि संध्याकाळी ठेला बंद होईपर्यंत डावीकडचा पडदा तसाच चालू राहिला.

कॉलिनचा फोन आला तेव्हा तो पहिल्यांदाच हसत नव्हता. पण चार दिवसांत दोन पडद्यांचे ते फोटो इतके पसरले, की त्याचं हसू परत आलं. त्याने दोघांना पडद्यासमोर बसवलं; त्याला एक कल्पना सुचली होती. रंगीत आवृत्ती! वेगळी काढायची, वेगळी विकायची, वर कलाकाराची सही.

"आधी आमचे रंग काढून घेतलेत," युडिता म्हणाली, "आणि आता तेच लोकांना विकणार? लाज नाही वाटत?"

"युडिता, असं टोकाला—"

"ते फुकट द्यायचे," गेरार्ड मध्येच म्हणाला. आज त्याच्या हातात पेन नव्हतं. "ज्यांनी खेळ घेतलाय त्या सगळ्यांना. नाहीतर पुढच्या कामाला माझ्याकडे येऊ नका. आणि राखाडीवर कलादिग्दर्शक म्हणून माझं नाव घाला. ते मी केलंय."

युडिताने त्याच्याकडे बघितलं. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

कॉलिनने मान्य केलं, पण त्याच्या पद्धतीने. रंग आले ते सेटिंगच्या तिसऱ्या पानावर, अक्षरांचा आकार बदलायच्या पर्यायाखाली, एक छोटासा खटका म्हणून. न शोधणाऱ्याला तो कधी दिसायचा नाही, आणि मुळात तो बंदच ठेवलेला. शिवाय तो पिवळा रंग तसाच राहिला. तो फिल्टर नव्हता, शिड्यांवर खरोखर रंगवलेला होता, आणि तो खरवडायचं काम कोणाच्या वाट्याला द्यायला प्रकाशक तयार नव्हते. म्हणून आजही युडिताच्या वसाहतीत ताज्या लाल चौकटीशेजारी ते पिवळे डाग दिसतात, आणि ते बघून तिच्या अंगाचा तिळपापड होतो. बक्षिसाचं चिन्ह गेरार्डच्या कपाटात गेलं. परीक्षकांनी एक पत्रक काढलं, की कलाकाराच्या भावनांचा आम्ही आदर करतो. निर्णय बदलला नाही.

वसंतात तिने स्टुडिओ सोडला. जाताना बोळातली ती पट्टी स्वतः काढून, गुंडाळून नेली. आता ती जवळच्याच ग्लिवित्से शहरात दोन मैत्रिणींबरोबर एका छोट्या जागेत काम करते.

डिसेंबरात, खाणीतल्या माणसांना जपणाऱ्या संत बार्बराच्या दिवशी, ती आईकडे आली होती. सकाळी खाणकामगारांचा बँड वसाहतीतून वाजत गेला. गेरार्ड रस्त्याच्या पलीकडे उभा होता. बँड पुढे गेल्यावर तो रस्ता ओलांडून आला. थंडीने त्याचं नाक लाल झालं होतं.

"पुढचा खेळ सुरू करतोय," तो म्हणाला. "माझ्या आईचा आहे. नाव माझंच घालणार." जरा थांबून म्हणाला, "रंग तू करशील?"

"नाही."

"अजून राग आहे?"

"आहे. तुला काय वाटलं, एका खटक्यावर गेला असेल?"

"नाही," गेरार्ड म्हणाला. "तसं नाही वाटलं."

वरून त्रुडाने खिडकी उघडून हाक मारली, की जेवण गार होतंय आणि गेरार्डलाही घेऊन ये, गोळे भरपूर केलेत. युडिता दारापर्यंत गेली, आणि तो मागे येतोय की नाही हे न बघता तिने दार त्याच्यासाठी उघडं ठेवलं.